मी फोन घेतला तवा

त्या दिवशी आमच्या सोप्यात कोण कोण व्हतं ते आदी सांगते. आमचं मालक व्हतं. त्यांची आई, म्हंजी माझी सासू, खाटंवर पडून व्हती, तिला ऐकू कमी यायचं. माझं धाकटं दीर व्हतं, त्यांचं लांब मुलखात सोनं गाळायचं दुकान, जत्रंला म्हून गावाकडं आलं व्हतं. शेजारचं सुभेदार व्हतं, फौजंतनं रिटायर झालेलं. पलीकडच्या गावची येक बाई व्हती, तिचा पोरगा माझ्या पोराच्या हाताखाली शिपाई. आन मी. येवढी सा माणसं. माझा पोरगा फोनात व्हता.

जे बोलू नये ते बोलले मी येकटी. म्हून लिवायलाबी मीच बसले. मी चौथीपातूर शाळंत गेल्याली हाय. अक्षर वाकडं येतंय, पर वाचता येतंय.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पार कडंला. वढा वलांडला की सांगली जिल्हा. बाजाराला आमी विट्याला जातो. पाऊस कमी, म्हून घरटी येक माणूस फौजंत, न्हाईतर गलाईच्या, म्हंजी सोनं गाळायच्या, दुकानात. मालक फौजंत हवालदार होऊन घरी आलं. पोरगं तवा लहान व्हतं.

मग कॅनॉलचं पाणी आलं. ज्वारी ग्येली, ऊस आला. ज्वारीच न्हाई म्हणल्यावर आमचं खळं रिकामं पडलं.

खळं करावं तर मी. ह्यात गावात मला कुणी नाव ठेवलं न्हाई. मुरूम आन माती कालवायची, पाणी मारून मुरू द्यायची, मग धुम्मस घेऊन ठोकायची, वरनं बैलं फिरवायची, आन शेवटाला शेणकाला. वाळल्यावर हात फिरवला की पाटीवानी लागाय पायजे. दाण्यात खडा आला तर सासू ताट सरकवून द्यायची.

पोरगं येक दिवस त्या रिकाम्या खळ्यावर हुबं ऱ्हायलं आन म्हणलं, "आई, मधला तिवडा काढ की."

तिवडा म्हंजी मधला खांब, ज्येच्याभवती मळणीची बैलं फिरत्यात.

मी म्हणले, "तिवडा काढला तर खळं कसलं रं ते?"

"मग त्येला पिच म्हणायचं."

"आन त्यावर पिकणार काय?"

"मी पिकणार," म्हणलं.

मी हसले. तिवडा उपटला, खड्डा भरून घेतला. खळं गोल व्हतं, त्येला लांबट जागा पायजे व्हती, म्हून दोन्ही अंगाला आठ-आठ हात वाढवलं. दर पंधरा दिसांनी सारवून द्यायची. मालक म्हणायचं, "देवघर सारवायला येळ न्हाई, आन हे चाललंय." पर आडवलं न्हाई कदी. दिरानं तिकडनं येताना लाल कातड्याचा चेंडू आणून दिला. पोरगं त्यो उशाला घिऊन झोपायचं.

त्यो जोरात टाकणारा न्हवता. बोटानं फिरवायचा. शेणाचा पापुद्रा सुटला की त्या जागंवर चेंडू पडून आसा वळायचा की हुबं ऱ्हायलेला पोरगा मागं बघत बसायचा. मी शेळ्या बांदता बांदता बघायची. त्यातलं मला काय कळत न्हवतं. त्येची बोटं तेवढी कळायची. लांब, बारीक, माझ्या आईवर ग्येलेली. सुईत दोरा ववायचा आसला तर मी त्येलाच हाक मारायची.

धाव्वीनंतर त्यो सांगलीला ग्येला. माझी बहीण हळदीच्या बाजाराच्या मागं ऱ्हायची, तिच्याकडं ऱ्हाऊन कॉलेज आन खेळ. तिथलं खेळ शिकवणारं मास्तर येकदा आमच्या घरी आलं. खळ्यावर बसून त्यांनी आंगठ्यानं जमीन दाबून बघितली. म्हणलं, "हे कुणी केलं?" मी दाराआड व्हते. मालकांनी माझ्याकडं हात केला. मास्तर म्हणलं, "वैनी, ह्येला बोट कुणी दिलं ते आज कळलं." मी च्या टाकायला आत ग्येले. आसल्या बोलण्याला काय उत्तर द्यायचं ते बाईमाणसाला कुणी शिकवलेलं नसतंय.

सांगलीला येकदाच सामना बघायला ग्येले. भाकरीचं गाठुडं घिऊन येश्टीनं. लोकांनी टाळ्या वाजवल्या की मीबी वाजवायची. शेजारी बसलेला येक जण म्हणला, "आवं मावशी, टाळ्या काय वाजवताय? तुमच्याच पोराला चौकार मारला त्येनं!" समदी हसली. मीबी हसले. पोरगं लांबनं माझ्याकडं बघून हसलं. त्या दिवशी पुढं त्येनं पाच गडी काढलं आसं बहिणीच्या मालकांनी सांगिटलं.

मग त्यो परीक्षा दिऊन फौजंत आफिसर झाला. शिपायांच्या गावात पैला आफिसर. पेढं वाटलं. आन त्या दिवसापास्नं आमच्या घरात येक गोष्ट बदलली, तवा माझ्या ध्यानात आली न्हाई. पोराचा फोन आला की मालक हुबं ऱ्हायचं. बसून बोलायचंच न्हाईत. जेवत आसलं तर उष्टा हात धरून हुबं ऱ्हायचं. मी म्हणायची, "आवं, पोरगं हाय तुमचं, बसा की." म्हणायचं, "हुतंय आपोआप." सारी नोकरी साहेबाम्होरं हुबं ऱ्हाण्यात ग्येलेली. पोटचा पोरगा साहेब झाला म्हून गुडघ्याला काय ते कळतंय व्हय. पैलं त्येला रागवायचं, काय बरं काय वाईट ते सांगायचं. ते समदं बंद झालं. "साहेबाला मी काय सांगणार," म्हणायचं. हसून म्हणायचं, पर खरंच सांगायचं न्हाईत.

फौजंतबी पोरगं खेळायचं. तिथं खेळणाऱ्यास्नी मान हाय. त्येच्या पलटणीकडनं खेळला, मग त्येच्या वरच्या टीमकडनं. समद्या फौजंची मिळून येक टीम आसते, ती मोठमोठ्या सामन्याला उतरते. त्या टीमात ह्येचं नाव घ्यायचं चाललं व्हतं. ल्हानपणापास्नं त्येला तेवढंच पायजे व्हतं.

पर गावाला ते कळत न्हवतं. आमच्या गावात फौजी म्हंजी बॉर्डर. सुट्टीवर आलेली पोरं पारावर बसून बर्फाचं, गोळीबाराचं सांगायची. माझं पोरगं आलं की काय सांगणार? चेंडू वळला आन गडी बाद झाला. सुभेदार मला येता-जाता टोचायचं.

"वैनी, साहेब सध्या कंच्या बॉर्डरवर हायत? पुण्याच्या का मुंबैच्या?"

"खेळायला ग्येलाय भावजी."

"व्हय व्हय. दुश्मन आला तर त्येलाबी चेंडू वळवून बाद करतील."

माणसं हसायची. मी दळण डोक्यावर घिऊन पुढं जायची. पर ते आत कुटंतरी साचत ग्येलं.

आन मग त्यो दिवस. सकाळची न्याहारी झाली व्हती. दीर आन सुभेदार सोप्यात बोलत बसलं व्हतं. ती पलीकडच्या गावची बाई शेंगदाण्याचं लाडू घिऊन आली व्हती, माझ्या पार्सलात घालून तिच्या पोराला धाडायला. म्हणली, "ताई, माझ्या पोराचा फोन आला व्हता. त्यास्नी वर बर्फात न्यायचं ठरलंय. मी म्हणले जा. तुमचा साहेब संगं हाय, मग मला घोर न्हाई बगा." मी म्हणले, "हाय की. घोर कशाचा."

तवाच फोन वाजला. दिरांनी मोठ्या आवाजावर लावला, समद्यास्नी ऐकू यावा म्हून, आन मालकांच्या हातात दिला. मालक हुबं ऱ्हायलं.

पोरगं म्हणलं, "आबा, टीमचा क्याम्प लागलाय. माझं नाव आलंय."

दीर म्हणलं, "आरं वा रं वाघा!"

"पर आमची पलटण त्याच टायमाला वर चाललीया. बर्फात. आमचं मोठं साहेब म्हणलं, क्याम्पला गेलास तरी कुणी काय म्हणणार न्हाई, तू ठरव." मग म्हणला, "काय करू?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं, मग फोनाकडं. "साहेबांनीच तुज्यावर सोडलंय म्हंजी... बग बाबा. आफिसर लोकांतलं मला हवालदाराला काय कळतंय?"

खाटंवरनं सासू म्हणली, "कोण हाय? नातू हाय? येऊ दी की घरला!"

कुणी हसलं न्हाई. सुभेदार नुसतं खाकरलं. आन ती बाई. लाडवाचा डबा मांडीवर घिऊन माझ्याकडं बघत ऱ्हायली.

मी मालकांच्या हातातनं फोन घेतला. चार माणसांत मी आसला फोन कदी घेतला न्हवता. म्हणले, "तुझ्या कंपनीतली पोरं बर्फात जाणार, आन तू चेंडू टाकत बसणार व्हय रं? त्यांच्या आया हितं माझ्या दारात येत्यात. त्यास्नी मी काय त्वांड दावू?"

मला वाटलं फोन तुटला.

मग म्हणला, "बरं आई. जातो."

मी म्हणले, "जेवलास का?"

"जेवलो."

सुभेदार उठून हुबं ऱ्हायलं आन म्हणलं, "शाबास वैनी! ही खरी फौजीची आई." त्या बाईनं माझा हात धरला. आन मला लय बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. येवढ्या वर्सांत साचलेलं समदं येका झटक्यात भाईर पडल्यागत वाटलं. त्या दिवशी मी पुरणाचा घाट घातला.

त्यो वर ग्येला. थंडीचं दिवस सरत आलं तवा पुण्याच्या मिलिटरी दवाखान्यातनं फोन आला. मालक हुबं ऱ्हाऊन ऐकत व्हतं. "जी. जी साहेब. जी." मग फोन ठिवला आन खाली बसलं. जीव वाचला व्हता. उजव्या हाताची बोटं ग्येली व्हती. आंगठ्याजवळचं आर्धं, मधलं बुडापास्नं, त्येच्या शेजारचं आर्धं. बर्फानं काळी पडली, मग कापली.

पुण्याला ग्येले तर हात पांढऱ्या कापडात गुंडाळलेला. मला बघून म्हणला, "आई, ये. बघ, नवरदेवावानी हात बांदून ठिवलाय." मी घरनं नेलेला शिरा त्येला चारला. पैलाच घास त्येनं डाव्या हातानं घ्यायला बघितला, तवा मी त्येचा हात खाली केला आन म्हणले, "आज ऱ्हाऊ दी. उद्यापास्नं शीक." रडले न्हाई. तिथं आजूबाजूच्या खाटांवर पाय नसलेली पोरं व्हती.

कसं झालं ते त्येनं कदी सांगिटलं न्हाई. ते मला त्या बाईच्या पोरानं सांगिटलं. त्यो धडधाकट परत आला. आईला घिऊन माझ्याकडं आला आन खाली मान घालून बसला.

"काकू, लढाई-बिढाई काय न्हवती. तंबूची दोरी गोठली व्हती. वारं आसं सुटलं की तंबू उडून जातोय का काय. गाठ सोडून दुसरीकडं बांदायची व्हती, पर जाड मोज्यात कुणाला गाठच घावंना. साहेब म्हणलं, सरका रं, तुमाला जमायचं न्हाई, हे बोटाचं काम हाय. आन मोजा काढला."

मी इचारलं, "किती येळ?"

"धा मिंटं आसतील. जास्तबी आसतील. गाठ सुटली बगा. आमी आत बसलो. तवा त्येंनी हात काखंत घातला आन म्हणलं, काय न्हाई, हुईल गरम."

त्येची आई पदरानं डोळं पुसत व्हती. मी दोगांस्नी च्या दिला. त्या दिवसापास्नं ती बाई बाजारात भेटली तरी माझ्याकडं डोळं वर करून बघत न्हाई. लांबनं रस्ता बदलते. तिचं काय चुकलं? तिनं येक लाडवाचा डबा आणला व्हता, तेवढंच.

पोरगं सुट्टीवर आलं. येक दिवस सकाळी खळ्यावर जाऊन बसलं. वर्सभर मी सारवलं न्हवतं, भेगा पडल्या व्हत्या. मालक तिथं ग्येलं तर त्यांस्नी म्हणलं, "आबा, ऊस लावा की हितं. जागा कशाला आडवून ठिवलीया?"

मालकांनी ट्रॅक्टर सांगिटला. फाळ नुसता वरच्या वर उड्या मारायला लागला, आत शिरंना. ट्रॅक्टरवाला म्हणला, "काकू, काय सिमीट वतलंय का काय हितं?" मग तीन दिवस पाणी सोडून भिजवलं, तवा कुटं नांगर लागला. ढेकळं आशी मोठी निघाली. मी कुदळीनं फोडली. मीच ठोकून बसवलं व्हतं, मीच फोडलं. पैल्या वर्सी ऊस खुरटाच आला.

ह्या गोष्टीला आता बारा वर्सं झाली. पोरगं आजून फौजंतच हाय. हुद्दा मोठा झाला, काम टेबलाचं हाय. सून चांगली हाय, येक नात हाय. बाकी समदं येतंय त्येला. डाव्या हातानं सही करतो, उजव्या आंगठ्यात आन करंगळीत धरून भाकरी मोडतो. पर टीव्हीवर सामना लागला की उठून भाईर जातो. आमी टीव्ही बंद करत न्हाई, त्योबी करा म्हणत न्हाई.

मालक तीन वर्सांमागं ग्येलं. शेवटच्या दुखण्यात पोराचा फोन आला तर उठायला बघायचं. मी खांद्याला धरून खाली बसवायची.

इतक्या वर्सांत मी पोराला येक शब्द बोलले न्हवते. त्योबी कदी बोलला न्हाई. आसं न्हाई की येळ घावला न्हाई. सुट्टीवर आला की महिना महिना आसायचा. पर मी भाजी काय करू इचारायची, आन ते बोलणं तिथंच ऱ्हायचं.

औंदा शेंगा काढल्या तवा त्यो सुट्टीवर आला व्हता. दुपारची येळ. मी सोप्यात शेंगा फोडत बसले व्हते, त्यो येऊन म्होरं बसला आन आंगठ्यानं आन करंगळीनं येक येक शेंग फोडाय लागला. माझ्या पाच व्हायच्या तवा त्येची येक. मी ऱ्हाऊ दे म्हणले न्हाई. त्येला ते आवडत न्हाई.

मग माझ्या तोंडातनं निघून ग्येलं. "माझ्यामुळं झालं रं तुझं हे. मी तवा फोनात बोलले म्हून."

त्यो वर न बघता म्हणला, "काय तरीच काय आई. तू कशाला आंगावर घेतीस?"

"मीच जा म्हणले की."

"मी आदल्या दिवशीच वर जायला नाव दिलं व्हतं. सही करून. तू काय म्हणली आसतीस तरी जाणारच व्हतो."

मी शेंग हातात धरून बसले. ह्येनं माझ्या जिवाला बरं वाटावं म्हून सांगिटलं, का खरंच तसं व्हतं, मला आजून कळलं न्हाई. त्येला खोटं बोलता येत न्हाई, पर माझ्यासाठी येत आसंल.

मी इचारलं, "सही केली व्हती, तर मग फोन कशाला केलास? काय करू म्हून कशाला इचारलंस?"

त्येनं टरफलं गोळा केली, सुपात टाकली.

"आसाच केला."

मग जरा येळानं म्हणला, "आबा हुबं व्हतं का गं तवा?"

"व्हय."

"मला वाटलंच," म्हणला, आन उठून गोठ्याकडं ग्येला. म्हशीला पाणी दावायचा आवाज आला. मी शेंगा फोडत ऱ्हायले. पोतं सरलं त्या दिवशी.

त्यो सुट्टी संपवून ग्येला. मी मात्र त्या दुपारपास्नं येकच गोष्ट घोळतीया. जायचं त्यो जाणारच व्हता. त्येची पोरं सोडून त्यो क्याम्पला बसला नसता, येवढं मी त्येला वळखते. त्येनं इचारायला फोन केलाच न्हवता. घरात कुणीतरी "नगं जाऊ" म्हणावं, म्हून केला व्हता. मग त्यो हसला आसता, "आसं कसं आई" म्हणला आसता, आन ग्येला आसता. बोटं तशीबी ग्येली आसती. पर आपुन खेळावं आसं कुणाला तरी वाटतंय, येवढं बरूबर घिऊन ग्येला आसता. बाप साहेबाम्होरं हुबा ऱ्हायला. आन आई गावाच्या तोंडानं बोलली. ऱ्हा म्हणाय त्येला कुणीच ऱ्हायलं न्हाई. म्हातारी तेवढी म्हणली व्हती, येऊ दी की घरला म्हून. तिचं कुणी ऐकलं न्हाई.

त्येला हे समक्ष सांगाय मला जमत न्हाई. दोन येळा फोन लावला, आन शेंगांचा भाव सांगून ठिवला.

वाचणाऱ्यास्नी माझं येवढंच मागणं हाय. तुमचं पोरगं, पोरगी लांब आसंल, आन फोन करून "जाऊ का" म्हून इचारलं, तर भवती कोण बसलंय ते बघू नगा. आदी "नगं जाऊ" म्हणा. जायचं ते जातंयच. पर तुमी म्हणा.